दोरी दिसू द्या : बाहुल्यांच्या जुन्या साहसमालिका मुलांना दाखवायच्या तर

माझा मामा तारवटी. वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर, आणि घरी आला की त्याच्या ट्रंकेतून जे निघेल त्यावर आम्हा भाचरांचा हक्क. १९८७ च्या चवथीला त्या ट्रंकेतून चॉकलेटं, दाढीचे साबण आणि चार व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. डिचोलीत आमच्या वाड्यावर व्हीसीआर एकाच घरात होता. आरत्या आटोपल्या की बारा-पंधरा पोरं तिथे जमायची, आणि मोठ्या डोक्यांच्या, झुलत चालणाऱ्या बाहुल्या अडकलेल्या माणसांना सोडवायला निघायच्या. डोक्यावरच्या तारा स्वच्छ दिसायच्या. तरी बॉम्ब लावलेलं विमान उतरत असताना शेजारच्या पोराने माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

त्या कॅसेटींना दोन पावसाळ्यांत बुरशी लागली. (गोव्यात कॅसेट, पापड आणि चामड्याची चप्पल यांचं आयुष्य सारखंच.) आता माझी मुलगी नऊ वर्षांची आणि भाचा सहाचा. दोघांनी त्याच मालिका नव्याने पाहिल्या, आणि घरातले खुर्च्या-स्टूल त्या दिवसापासून प्रक्षेपण तळ झाले. ओळखीचे आई-बाप विचारतात, ते तुझं बाहुल्यांचं कुठून सुरू करायचं? दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी घराणं ओळखून घ्या

गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या ब्रिटिश जोडप्याने आणि त्यांच्या मंडळींनी १९६० च्या दशकात या मालिका केल्या. जागा म्हणाल तर लंडनच्या पश्चिमेला स्लाउ इथली औद्योगिक वसाहत. आपल्या कुंडईत एखाद्या शेडमध्ये कोणी चंद्रावरचा तळ उभारला असं समजा. ‘सुपरकार’ (१९६१), ‘फायरबॉल एक्सएल-५’ (१९६२), ‘स्टिंगरे’ (१९६४), ‘थंडरबर्ड्‌स’ (१९६५), ‘कॅप्टन स्कार्लेट’ (१९६७), ‘जो ९०’ (१९६८) हा त्यांचा क्रम. पहिल्या दोन कृष्णधवल, ‘स्टिंगरे’पासून रंगीत.

यातली राणी ‘थंडरबर्ड्‌स’. एकूण ३२ भाग, पहिला ३० सप्टेंबर १९६५ ला दाखवला गेला. माजी अंतराळवीर जेफ ट्रेसी आणि त्याचे पाच मुलगे एका बेटावरून गुपचूप बचावकार्य चालवतात. मुलांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली. पाच यानं: टेहळणीचं रॉकेट-विमान, हिरवं अवजड मालवाहू, केशरी रॉकेट, पिवळी पाणबुडी आणि वर फिरणारं अंतराळस्थानक. सोबत लेडी पेनेलोपी, तिची सहा चाकांची गुलाबी रोल्स-रॉइस आणि पूर्वाश्रमीचा तिजोरीफोड्या ड्रायव्हर पार्कर. मुलांना पार्कर आवडतो, हे लिहून ठेवा.

या मालिकेचं मूळ खाणींच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा डिचोलीकरांना जवळचं वाटावं असं आहे. १९६३ च्या ऑक्टोबरात जर्मनीत लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी घुसलं. आत अडकलेल्यांपर्यंत पोचायला मोठं ड्रिल लांबून आणावं लागलं, आणि शेवटच्या अकरा जणांना चौदा दिवसांनी जिवंत बाहेर काढलं. अशी यंत्रं आधीच सज्ज ठेवली आणि हाकेसरशी उडवत नेता आली तर, हा विचार अँडरसनच्या डोक्यात तिथून आला. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आपल्या खाणीत कोण येतं? मी अग्निशामक दलाचं नाव घेतलं. तिने त्यांच्या विमानाचा रंग विचारला.

पहिला भाग चुकीचा निवडू नका

मी चुकलो होतो. भाचा पाच वर्षांचा असताना त्याला आधी ‘कॅप्टन स्कार्लेट’ लावून दिलं, कारण त्यातल्या बाहुल्या जास्त माणसासारख्या दिसतात. तीच माझी चूक. त्या मालिकेत पहिल्याच भागात माणसं मरतात, शत्रू मेलेल्यांची हुबेहूब नक्कल उभी करतो, आणि बाहुली जितकी खरी दिसते तितकं ते अंगावर येतं. भाचा त्या रात्री आईच्या कुशीतून हलला नाही, आणि बहीण माझ्याशी आठवडाभर मोजकंच बोलली. ती मालिका दहाच्या पुढे ठेवा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘स्टिंगरे’ द्या. भाग पंचवीस मिनिटांचे, समुद्राखालची पाणबुडी, माशाच्या आकाराची शत्रूची यंत्रं, आणि एक अक्षरही न बोलणारी मरीना. इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला न बोलणारं पात्र फार आपलंसं वाटतं.

सात-आठच्या पुढे ‘थंडरबर्ड्‌स’, आणि तेही पहिल्या भागापासून: ‘ट्रॅप्ड इन द स्काय’. अणुशक्तीवर चालणाऱ्या प्रवासी विमानात बॉम्ब आहे, चाकं खाली काढली की फुटणार. बाकी काही माहीत नसलेल्या मुलालाही एवढं पुरतं. त्यानंतर क्रमाने जायची सक्ती नाही, कारण प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. गोव्यातल्या मुलांसाठी माझा दुसरा भाग ठरलेला: ‘डे ऑफ डिझास्टर’. मंगळावर जाणारं रॉकेट झुलत्या पुलावरून नेत असताना पूल कोसळतो, रॉकेट दोन माणसांसकट नदीच्या तळाशी जातं आणि उलटी मोजणी सुरू होते. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या पिढीला हा भाग कोणी समजावून सांगावा लागत नाही. मुलांना मात्र आधी ती गोष्ट सांगा, मग भाग लावा. पणजीला जाताना मांडवीवरच्या अटल सेतूवर गाडीत एकदम शांतता पसरेल.

तिसरा ‘अटॅक ऑफ द ॲलिगेटर्स’. छोट्या सेटवर खरी मगरीची पिल्लं सोडली की ती राक्षसी दिसतात, एवढीच युक्ती. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर पाहिलेल्या मुलाला हा भाग दिवसा दाखवा.

चष्मा लागलेलं मूल घरात असेल तर ‘जो ९०’ हाताशी ठेवा. नऊ वर्षांचा मुलगा खास चष्मा घातला की मोठ्यांचं कसब वापरू शकतो. वर्गात ‘चष्मिस’ ऐकून आलेल्या पोरावर याचा परिणाम औषधासारखा होतो.

एक सूचना: २००४ चा ‘टीम अमेरिका’ नावाचा बाहुलीपट दिसायला असाच आहे, पण तो निव्वळ मोठ्यांसाठी. चित्र बघून लावायला जाऊ नका. २०१५ मध्ये आलेली नवी ‘थंडरबर्ड्‌स’ मालिका मुलांना चालते. त्यात माणसं संगणकावरची आणि सेट मात्र हाताने बांधलेले. आधी जुनी, मग ही. उलट केलंत तर जुनी हळू वाटते.

डिस्क मागवताना

ब्रिटनहून कोणी नातेवाईक आणणार असेल तर त्याला डिस्कचा रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालते ते, बघायला सांगा. तिथली डीव्हीडी रीजन २ ची, आपली ५ ची. ब्लू-रे तिथे बी, इथे सी. घरचा प्लेयर सगळे रीजन घेणारा नसेल तर डिस्क नुसती फिरते. आणि पावसाळ्यात डिस्क कपाटात तांदळासारखी डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

बसवायचं कसं

भाषेची अडचण येणारच. संवाद इंग्रजी, तेही साठीच्या दशकातलं. पहिली दहा मिनिटं मी आवाज कमी करून स्वतः मराठीत गोष्ट चालवतो. दशावतारातला सूत्रधार करतो तेच. नंतर आवाज वाढवत नेतो. तिसऱ्या भागापर्यंत मुलं मला गप्प करतात.

दुसरी अडचण संथपणाची, आणि इथे घाई करू नका. ‘थंडरबर्ड्‌स’चे भाग मुळात पंचवीस मिनिटांचे व्हायचे होते. पैसे लावणाऱ्या ल्यू ग्रेडना पहिला भाग इतका आवडला की त्यांनी भाग दुप्पट लांबीचे करायला सांगितले. त्यामुळे वेळ भरपूर, आणि तो बराचसा यानं सुटण्यात जातो. भिंतीवरच्या फोटोचे डोळे लुकलुकतात. ट्रेसींचा स्कॉट भिंतीला टेकतो, भिंत फिरते. पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो आणि खालून रॉकेट वर येतं. त्याचा भाऊ व्हर्जिल चित्रासकट मागे कलंडतो, घसरगुंडीवरून थेट यानात. हिरवं थंडरबर्ड-२ बाहेर पडताना धावपट्टीच्या दोन्ही बाजूंची माडासारखी झाडं मागे झुकून वाट देतात. दर भागात हेच, जवळजवळ जसंच्या तसं. मोठी माणसं रिमोटकडे हात नेतात. नेऊ नका. पेडण्यात रात्रभर दशावतार बघणारा माणूस नाटकाआधीच्या आडदशावतारातला गणपती आणि संकासुर शंभरदा बघून झाला म्हणून उठून जातो का? मुलांना नेमकं हेच हवं असतं: पुढे काय होणार ते माहीत असणं आणि तरी वाट बघणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तारा दिसल्या की मूल म्हणेल, “पपा, दोरी!” तेव्हा ‘हो ना, जुनं आहे ते’ असं ओशाळून म्हणू नका, आणि तंत्रावर भाषणही देऊ नका. नुसतं ‘दिसली का तुला’ म्हणा. माझ्या मते या मालिका साठ वर्षं टिकल्या त्याचं कारण त्या दोरीत आहे. मूल एकाच वेळी दोन ठिकाणी असतं: ही बाहुली आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ती बुडेल म्हणून त्याचा श्वासही अडकलेला असतो. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावांचा बोलविता धनी शेजारीच बसलेला असतो, म्हणून अर्धवटरावांवर कोणी कमी हसत नाही. संगणकावर केलेलं चित्र कितीही सुरेख असलं तरी ते कसं केलं याचा मुलाला थांग लागत नाही. दोरी दिसली की लागतो, आणि मग त्याला ते करून बघावंसं वाटतं.

विचारलंच तर एवढं सांगा. बाहुली साधारण बावीस इंच उंच, फायबरग्लासचं डोकं, वर मचाणावरून चालवणारे, त्यांच्या हातात केसासारख्या बारीक पोलादी तारा. संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे, त्या आवाजावरून विजेचे झटके तारेतून डोक्यातल्या विद्युतचुंबकाकडे जायचे आणि खालचा ओठ हलायचा. ही कळ डोक्यात बसवायची म्हणून डोकं मोठं. ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये ती छातीत नेली आणि डोकी प्रमाणात आली. कळ आणि सूत्र, दोन्ही अक्षरशः. आपला ‘कळसूत्री’ शब्द त्यांनी या तंत्राला दिलेल्या ‘सुपरमॅरिओनेशन’ या नावापेक्षा नेमका आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चालणं मात्र कधी जमलं नाही. बाहुलीला वजन नसतं, पाय जमिनीवर तरंगतो. म्हणून ही माणसं सदा कशात तरी बसलेली असतात: यानात, गाडीत, उडत्या खुर्चीत. बारीक काम आलं की मधेच खऱ्या माणसाचा हात दिसतो. मुलांना तो हात शोधायला लावा, भाग दुसऱ्यांदा बघायला ती स्वतःहून बसतात.

खटकणाऱ्या गोष्टी

पात्रं सर्रास सिगारेट ओढतात, लेडी पेनेलोपी तर लांब नळीतून. पौर्वात्य चेहऱ्याचा तो खलनायक, देवळात राहणारा, डोळ्यांनी भुरळ घालणारा. आणि बेटावरचा नोकरही पूर्वेकडचाच. मी ते कापत नाही. मुलीला एकदाच विचारलं, आपल्यासारखी दिसणारी माणसं यात काय काय करतात? तिने बोटांवर मोजलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी: टेबलाखालचा स्टुडिओ

भाग बघून झाल्यावर पोरं गाड्या काढतात. तेव्हा फोन त्यांच्या हातात द्या, पण बघायला नव्हे, शूट करायला.

डेरेक मेडिंग्ज हा यातल्या यानांचा आणि स्फोटांचा माणूस. पुढे तो जेम्स बाँडपर्यंत गेला. त्याची मुख्य युक्ती तुमच्या खिशात आहे. लहान मॉडेल पडतं ते पटकन, म्हणून लहान दिसतं. कॅमेरा जास्त वेगाने चालवला आणि नेहमीच्या वेगाने दाखवलं की तेच पडणं जड होतं. किती वेगाने, याचं गणित शाळेतलं आहे: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ. पंचविसाव्या हिश्शाचं मॉडेल असेल तर पाचपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी. ते लोक बऱ्याचदा १२० नेच काढायचे. तुमच्या मुलाची ती हातात मावणारी धातूची गाडी साधारण चौसष्टाव्या हिश्शाची. चौसष्टचं वर्गमूळ आठ. फोनमधला २४० चा स्लो-मोशन ३० ने चालवला की बरोबर आठपट. मला हे सुचलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. तिने कूस बदलली.

कॅमेरा जमिनीला टेकवा, गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून काढलेली गाडी खेळणंच राहते.

उजेड दिवसाचा घ्या. घरातले बरेच दिवे विजेबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, २४० च्या फोनला कळतं आणि चित्रभर पट्टे येतात. आम्ही पडवीत सकाळी नऊ ते अकरा काढतो. ऐन श्रावणात वाट बघावी लागते.

धुळीला मुलतानी माती उत्तम, कारण कण बारीक आणि ढग मोठा. मंगळासाठी चिऱ्याची भुकटी. देवाने गोव्याला मंगळ फुकट दिला आहे. पाणी मात्र टाळा. थेंब लहान होत नाही, आणि एक थेंब सगळं बिंग फोडतो. ‘स्टिंगरे’वाल्यांनी म्हणूनच समुद्राखालचे प्रसंग कोरड्या सेटवर घेतले आणि कॅमेऱ्यापुढे पाण्याची अरुंद काचपेटी ठेवली. आत मासे आणि बुडबुडे, मागे कोरडी पाणबुडी. घरी फिश टँक असेल तर आजच करून बघा. आग आणि फटाके मुलांच्या हाती नको. स्फोट हवा असेल तर मुलतानी मातीवर फुंकणी मारा.

सेटसाठी काही विकत आणू नका. थंडरबर्ड-१ च्या तळाच्या भिंतीवर लिंबू पिळायचं भांडं बसवलेलं आहे, आणि एकदा दिसलं की दिसतच राहतं. बाटल्यांची झाकणं, बिघडलेल्या रिमोटचं पोट, अंड्यांचा ट्रे. चित्र बिघडलं तर लगेच पुसू नका. पहिल्या भागात विमानाखाली धावणारी एक गाडी तार तुटून भलतीकडे गेली. तो अपघात इतका छान आला होता की त्यांनी तो गोष्टीतच घेतला.

शिगम्याला चित्ररथ बांधणारं कोणी गल्लीत असेल तर मुलाला तिथे तासभर बसवा. मोटर, चाक, त्याला जोडलेली काठी आणि वर-खाली होणारा राक्षसाचा हात. दिवाळीत नरकासुराची मान फिरवणारी पोरंही हेच करतात. मेडिंग्जला ती मंडळी पाच मिनिटांत समजली असती.

बाहुली करायची असेल तर पहिली दोन दोऱ्यांचीच करा. करवंटीचं डोकं, कापडाचं धड, हातापायांच्या टोकाला मासेमारीचं शिसं शिवून. वजन खाली असलं की पाय टेकतो. दोरीला गरीचा तंगूस. आमच्या पहिल्या बाहुलीला मुलीने सात दोऱ्या बांधल्या आणि अर्ध्या तासात तिची सुतळीची गुंडी झाली.

आणि एकदा पिंगुळी

पत्रादेवीची हद्द ओलांडून सावंतवाडीवरून कुडाळकडे गेलं की पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या सांभाळल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच कामासाठी. त्यांनी घरच्या गोठ्यात उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ मुलांना दाखवा. जायच्या आधी फोन करा, आणि मुलांना सांगून ठेवा की इथे रॉकेट नसून रामायण आहे. वाटेत सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळण्यांसाठी थांबावं लागतंच, त्याचे पैसे वेगळे ठेवा.

माझी मुलगी तिथे सबंध वेळ बाहुल्यांऐवजी वरच्या हातांकडे बघत होती. आमची करवंटीची बाहुली सोबत नेली होती, मांडीवर आडवी ठेवून, आणि पोचेपर्यंत तिच्या दोऱ्यांचा पुन्हा गुंता झाला होता. येताना तिने ती गाडीच्या मागच्या दाराच्या हुकाला टांगली. बाहुली न्यायची तर टांगूनच न्यायची. पत्रादेवीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती चालत होती, आणि पाय सीटला टेकत होते.